आपला रोजचा आहार : एक ताळेबंद

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आम्ही डॉक्टर नाही, आहारशास्त्राचे जाणकारही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आम्ही. जमा-खर्चाच्या नोंदी जुळवणे हे आमचे रोजचे काम. परंतु या कामातून एक सवय लागते. रक्कम किती आली, यापेक्षा ती कोणकोणत्या खात्यात गेली, हे आम्ही आधी पाहतो. आज आपल्या रोजच्या आहाराकडेही आपण त्याच रीतीने पाहावे, एवढाच आमचा प्रयत्न आहे. शास्त्रीय माहिती जी सांगू ती या विषयात काम करणाऱ्या मान्यवर संस्थांनी प्रसिद्ध केलेली आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत आज दोन वेळचे जेवण आहे. तरीही घरातील माणसे, विशेषतः स्त्रिया आणि मुले, अशक्त आहेत. याचे कारण अन्नाच्या वाटणीत आहे. ही वाटणी दोन ठिकाणी होते. पहिली किराणा दुकानात होते, तेथे महिन्याचा पैसा कोणत्या जिनसांवर जाईल हे ठरते. दुसरी स्वयंपाकघरात होते, तेथे कोणाच्या ताटात काय पडेल हे ठरते. या दोन्ही वाटण्या आपल्या हातात आहेत, म्हणून त्यांचा विचार आपण करणे अगत्याचे आहे.

१. सकस आहार म्हणजे काय?

शरीराला अन्नाची गरज तीन कामांसाठी असते. पहिले काम शक्ती देण्याचे. ते ज्वारी, गहू, तांदूळ यांसारखी धान्ये आणि तेल-तूप करतात. दुसरे काम शरीराची बांधणी आणि झीज भरून काढण्याचे. ते प्रथिने करतात, आणि ती डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळतात. तिसरे काम संरक्षणाचे. ते भाज्या आणि फळांतील जीवनसत्त्वे व क्षार करतात. या तिन्ही गटांतील पदार्थ रोज पोटात गेले, तर त्या आहारास सकस आहार म्हणावे. केवळ पोट भरले म्हणजे आहार सकस झाला, असे नाही.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही आपल्या देशातील या विषयातील सर्वांत जुनी संस्था. १९१८ साली कुन्नूर येथे तिची सुरुवात झाली आणि १९५८ साली ती हैदराबादला आली. या संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बैठे काम करणाऱ्या, म्हणजे दिवसाला साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीने रोज किती खावे, याचे प्रमाण त्यात दिले आहे. धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलीटर, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही सर्व वजने कच्च्या पदार्थांची आहेत.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. त्यातून एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. दिवसभराच्या एकूण शक्तीपैकी धान्यातून येणारा वाटा निम्म्याहून कमी असावा, असे शास्त्र सांगते. आपल्या ताटाकडे पाहावे. भाताचा ढीग किंवा चार-पाच पोळ्या, त्यावर पातळ वरण, आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी. म्हणजे शक्ती देणारे खाते भरलेले, बांधणीचे आणि संरक्षणाचे खाते जवळजवळ रिकामे. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला धान्य अधिक लागते, हे खरेच. परंतु टेबलाशी बसून काम करणारे आम्ही आणि पुस्तकाशी बसून अभ्यास करणारे आपण, यांना तेवढे धान्य लागत नाही.

२. आपल्या ताटातून काय गेले?

पूर्वीच्या पिढीने अन्नाची टंचाई सोसली. १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलोची भाकर आणि दुष्काळी कामांवरची सुकडी, यांच्या आठवणी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकल्या आहेत. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. उपासमारीत कसलेही वैभव नसते. परंतु त्या गरिबीतही काही पदार्थ असे होते, की त्यांचे मोल आज पोषणशास्त्र नव्याने सांगत आहे.

विदर्भातील घरांत ज्वारीची भाकर हे मुख्य अन्न होते. सोबत अंबाडीची, चवळाईची, घोळीची भाजी, पावसाळ्याच्या सुरुवातीला तरोट्याची, हिवाळ्यात हरभऱ्याची. जवसाची चटणी, तिळाची चटणी, हरभऱ्याच्या पिठाचे चून, आंबील, शेवग्याचा पाला आणि शेंगा. ज्यांना शक्य होई त्यांच्याकडे सुकट, बोंबील, कधी कलेजी, कधी पाया. यांतील एकेक पदार्थ घेऊन पाहू. ज्वारीमध्ये शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि चार मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्याशुभ्र तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असते. जवसात ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल असते. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व देणारे घटक आहेत. कलेजीतील लोह शरीरात सहज शोषले जाते. तीत ‘अ’ जीवनसत्त्वही फार असते, म्हणून गर्भवतींनी मात्र ती डॉक्टरांना विचारूनच खावी. बी-१२ हे जीवनसत्त्व तर दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. सुकट काट्यासकट खाल्ली जाते, म्हणून तिच्यातून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. मात्र ती खारवलेली असते, म्हणून भिजवून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी.

हे अन्न आपल्या ताटातून का गेले? त्याची काही कारणे आपल्या हाताबाहेरची आहेत. विदर्भात ज्वारीच्या शेतांची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. रेशनवर वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ मिळत राहिले. पण एक कारण आपल्या मनात आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. नोकरी लागली, पक्के घर झाले, आणि भाकर, रानभाजी, सुकट हे ‘गरिबीचे खाणे’ म्हणून आपण मागे टाकले. पाहुण्यांपुढे भाकर ठेवण्याचा संकोच वाटू लागला. शेजाऱ्यांना वास जाईल म्हणून बोंबील भाजणे बंद झाले. त्याऐवजी ब्रेड, टोस्ट, बिस्किटे, नूडल्स यांना प्रतिष्ठा मिळाली. लेखक शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीवर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली लिहिले. या खाण्याकडे विद्वानांचे लक्ष जाण्यासही इतकी वर्षे लागली.

काळाचा खेळ पाहावा. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. आज मोठ्या शहरांत ज्वारी-नाचणीच्या बिस्किटांचे आकर्षक पुडे महाग दराने विकले जातात. जे आपण लाजून सोडले, तेच आता पुड्यात बंद होऊन आपल्याकडे परत येत आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तो पुडा घेण्यापेक्षा घरी भाकर थापावी. आठवड्यातून चार दिवस जरी भाकर झाली तरी पुष्कळ आहे.

३. किराणा चिठ्ठीचा हिशेब

आता पहिल्या वाटणीकडे वळू. प्रत्येक घरात महिन्याची किराणा चिठ्ठी असते. ही चिठ्ठी म्हणजे आपल्या आरोग्याचे पासबुक आहे, असे आम्ही समजतो. चार प्रौढ माणसांचे कुटुंब धरून, वर सांगितलेल्या प्रमाणांना माणसे आणि तीस दिवस यांनी गुणले, तर महिन्याचा हिशेब असा होतो.

धान्य ३० किलो. डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, मांस मिळून सुमारे १० किलो. तेल-तूप सव्वातीन किलोच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. साखर आणि गूळ माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावेत, म्हणजे चौघांना महिन्याला ३ किलो. भाजी रोज सुमारे दीड किलो.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने गेल्या महिन्याची चिठ्ठी काढावी आणि या आकड्यांशेजारी ठेवावी. तेल किती आले? साखर किती आली? आणि डाळ-कडधान्य किती आले? तेल पाच-सहा किलो, साखर पाच किलो आणि सर्व डाळी मिळून तीन किलो, असे चित्र दिसले, तर पैसा चुकीच्या खात्यात जात आहे असे समजावे. शिवाय बाहेर खाल्लेला समोसा-कचोरी, घरातील पापड-लोणचे, शेव-चिवडा यांतील तेल-मीठ चिठ्ठीवर दिसत नाही, ते वेगळेच.

चहाचे उदाहरण घेऊ. आमच्या कार्यालयात दिवसाला चार-पाच कप चहा घेणारे पुष्कळ आहेत. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. पाच कपांत पन्नास ग्रॅम. दिवसभराच्या साखरेच्या मर्यादेच्या दुप्पट साखर केवळ चहातून पोटात जाते, आणि सोबतची बिस्किटे आणखी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे आकडे दुसऱ्यांचे आहेत असे समजू नये. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर सावध व्हावे, असा आशियाई लोकांसाठी संकेत आहे. शिंप्याची टेप घरात असतेच.

पुड्यावरील मजकूर वाचण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. त्यावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिली तीन नावे मैदा, साखर आणि पामतेल अशी असतील, तर वर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेले असो, तो पदार्थ मैदा-साखर-तेलाचाच आहे. मुलांची उंची आणि बुद्धी वाढेल या आशेने दुधात घालावयाच्या भुकट्यांवरही आपण बराच पैसा खर्च करतो. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. म्हणून अशी पेये त्या नावाच्या वर्गातून काढून टाकावीत, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले होते. त्याच पैशांत शेंगदाणे, फुटाणे, अंडी आणि केळी किती येतात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या दुकानातील भावाने करून पाहावा.

स्वस्त प्रथिनांची यादी मोठी आहे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आहेत. डाळी व फुटाण्यांत २० ते २४ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास. धान्यातील प्रथिनात जे अंश कमी असतात ते डाळीत असतात, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. म्हणून वरण-भात, भाकर आणि चून, खिचडी या आपल्या जुन्या जोड्या शास्त्राच्या कसोटीस उतरतात. अट एकच, वरणात डाळ दिसली पाहिजे.

शिजवण्याच्या रीतीनेही फरक पडतो. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. डाळ-भाजी शिजवलेले पाणी फेकू नये. मूग, मटकी, हरभरा यांना मोड आणल्यास ‘क’ जीवनसत्त्व वाढते. या गोष्टींना एक पैसाही जास्त लागत नाही.

४. घरातील वाटणी

आता दुसऱ्या वाटणीविषयी. आमच्या मते हा आजच्या विषयाचा गाभा आहे, आणि पुरुष मंडळींनी तो विशेष लक्ष देऊन ऐकावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्या पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया होता. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांत ते ६७ टक्के होते. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात कमतरता आढळली. एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या माणसांत एवढा फरक का असावा?

एक कारण निसर्गाचे आहे. मासिक पाळी आणि बाळंतपण यांमुळे स्त्रीच्या शरीरातून लोह जाते. म्हणून तिची गरज अधिक असते. २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम. म्हणजे जवळपास दीडपट. दुसरीकडे तिच्या शरीराला एकूण शक्ती पुरुषापेक्षा कमी लागते. याचा अर्थ काय? तिच्या ताटात भात-पोळी थोडी कमी असली तरी चालेल, परंतु डाळ, भाजी, अंडे, मांस हे पुरुषाच्या ताटापेक्षा जास्त असले पाहिजे.

आणि प्रत्यक्षात काय होते? कर्त्या पुरुषाला आधी वाढले जाते, मग मुलांना, त्यातही मुलाला मुलीच्या आधी. शेवटी घरातील सून, आई किंवा पत्नी बसते. तेव्हा भांड्यात रस्सा उरलेला असतो, फोडी संपलेल्या असतात. वरण खाली बसलेले किंवा संपलेले असते. भात मात्र उरलेला असतो. मग सकाळची भाकर आणि चटणी. ज्या व्यक्तीला सर्वांत सकस अन्नाची गरज, तिच्याच वाट्याला केवळ पोट भरणारे अन्न येते. यात कोणी दुष्टपणा करतो असे आमचे म्हणणे नाही. बाईनेच आपल्या हाताने आपल्याला कमी वाढून घ्यायचे, ही रीत इतकी मुरली आहे, की ती रीत आहे हेही आपल्या लक्षात येत नाही. समतेविषयी आपण सभांमधून पुष्कळ बोलतो. ती समता जेवणाच्या वेळी घरात दिसते किंवा नाही, हे प्रत्येकाने पाहावे.

याचा परिणाम एका पिढीवर थांबत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. गरोदरपणी ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे जन्मतः तुलनेने चांगल्या वाढीची होती, असे त्यात दिसून आले. आपल्याकडील कमी वजनाच्या बाळांत स्नायू कमी पण चरबी तुलनेने अधिक असते, आणि पुढे मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो, हेही या अभ्यासाने जगापुढे आणले. म्हणजे आज सुनेच्या ताटात पडलेली पालेभाजी ही उद्याच्या नातवंडांच्या नावे केलेली ठेव आहे.

उपाय साधा आहे. सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, आणि तेही आधी सर्वांची ताटे वाढून. भाजी, वरण, अंडी, मांस यांची वाटणी जेवण सुरू होण्यापूर्वी व्हावी. एवढे केले तरी कोणाच्या वाट्याला काय येते, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे येईल. कामाच्या वेळांमुळे एकत्र बसणे जमत नसेल, तर घरातील स्त्रीचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा.

५. रक्त कमी असल्यास

रक्तक्षयाविषयी आणखी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गर्भवतीचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असल्यास रक्तक्षय समजतात. सतत थकवा, जिना चढताना धाप, अभ्यासात लक्ष न लागणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. आपण मुलीला ‘आळशी’ म्हणून रागावतो, आणि खरे कारण रक्तात असते.

भाजी-डाळीतील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. ‘क’ जीवनसत्त्व सोबत असल्यास तो वाढतो. म्हणून वरणावर लिंबू पिळावे, जेवणासोबत आवळा, पेरू किंवा संत्रे खावे. आपण संत्र्यांच्या मुलखातील माणसे, पण पेरूमध्ये संत्र्यापेक्षाही कितीतरी अधिक ‘क’ जीवनसत्त्व असते. चहामुळे मात्र हे शोषण घटते. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय सोडून तासभर अंतर ठेवावे. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आणि जंतनाशक गोळी मुलांनी टाळू नये. गर्भवतींनी आरोग्य केंद्रातून मिळणारी लाल गोळी नियमित घ्यावी.

परंतु एक महत्त्वाची सूचना. रक्त कमी असण्याचे कारण नेहमी आहारच असते, असे नाही. आपल्या विदर्भात अनेक आदिवासी जमातींत, तसेच आपल्या समाजातही सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. पालकभाजीने किंवा गोळ्यांनी तो बरा होत नाही, आणि अशा रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. केवळ वाहक असलेली व्यक्ती निरोगी आयुष्य जगते. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नापूर्वी तपासणी करावी. पत्रिका जुळवण्याचे आपण सोडले, आता रक्ताचा अहवाल जुळवण्याची रीत सुरू करावी. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. त्यामुळे सरकारी रुग्णालयात याची चौकशी अवश्य करावी. यात लपवण्यासारखे काहीही नाही.

६. विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आमचे तरुण मित्र सकाळी चहा-बिस्किटावर निघतात, दुपारी समोसा किंवा वडापाव खातात आणि रात्री खोलीवर नूडल्स उकळतात. घरून येणाऱ्या पैशांत काटकसर करावी लागते, याची आम्हास जाणीव आहे. पण काटकसर करताना पोषणात कपात नको. रात्री मूठभर हरभरे आणि मूठभर शेंगदाणे भिजत घालावेत, सकाळी गुळाच्या खड्यासोबत चावून खावेत. जमेल तेव्हा दोन उकडलेली अंडी, एक केळे. खोलीवर कुकर असेल तर तांदळाच्या निम्मी डाळ घालून खिचडी करावी, त्यात जी मिळेल ती पालेभाजी टाकावी. यास पाककौशल्य लागत नाही. मुलींनी आपल्या वाट्याचे मागून घ्यावे आणि मुलांनी स्वयंपाक शिकून घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.

७. ज्यांना परवडत नाही त्यांचे काय?

आतापर्यंत जे बोललो, ते ज्यांच्या हाती निवड आहे त्यांच्यासाठी. रोजच्या मजुरीवर चूल पेटते, अशी कुटुंबे आपल्या वस्तीत आहेत. त्यांना चिठ्ठीचा हिशेब सांगणे योग्य होणार नाही. त्यांना त्यांचा हक्क मिळतो किंवा नाही, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांच्या कुटुंबाला २० किलो. वरच्या हिशेबातील ३० किलोंपैकी दोन तृतीयांश. हे धान्य हाती आले, तर वाचलेला पैसा डाळ-भाजीकडे वळू शकतो. पण शिधापत्रिकेत नवीन सुनेचे, बाळाचे नाव चढलेलेच नसते, अंगठ्याचा ठसा जुळत नाही, अशा अडचणी येतात. अर्ज भरून देणे, सोबत तहसील कार्यालयात जाणे, हे काम आमच्यासारखे लिहिण्या-वाचण्याची नोकरी करणारे सहज करू शकतात.

अंगणवाडी १९७५ सालापासून आहे. शाळेतील पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. या जेवणातून प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. आपल्या राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद केला. आपली मुले ज्या शाळांत जातात, तेथील जेवण आपण पालक म्हणून कधी चाखून पाहिले आहे काय? ते पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे.

यासाठी मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, वर्षातून एकदा वस्तीतील स्त्रिया, मुली आणि तरुणांसाठी हिमोग्लोबिन व सिकलसेल तपासणीचे शिबिर भरवावे. दुसरी, शिधापत्रिका आणि अंगणवाडीच्या अडचणी सोडवण्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ मदत कक्ष चालवावा. त्यातील लिखापढीचे काम आम्ही आनंदाने करू. तिसरी, मंडळाच्या कार्यक्रमांतील अल्पोपाहारात बिस्किट-फरसाणाऐवजी मोडाची उसळ, शेंगदाणे, उकडलेली अंडी आणि ऋतूतील फळ असावे. आपण सार्वजनिक ठिकाणी जे मानाने खातो, ते घरी खाण्याचा संकोच आपोआप जातो.

मित्रहो, बँकेत दिवस संपताना ताळा जमावाच लागतो. तो जमला नाही तर आम्हास घरी जाता येत नाही. आहाराचा ताळा मात्र रोज कोणी विचारत नाही. तो दहा-वीस वर्षांनी एकदम समोर येतो, दवाखान्याच्या बिलाच्या रूपाने. तोवर वाट पाहू नये. आज रात्रीच्या जेवणाला घरातील सर्वांची ताटे एकदम वाढावीत आणि शेवटच्या ताटात काय आहे ते पाहावे. त्या ताटात डाळ, भाजी आणि लिंबाची फोड दिसली, तर या व्याख्यानाचा उपयोग झाला असे आम्ही मानू.